यीस्टची सहा हजार जनुके : वाचन आणि अर्थबोध

पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. भिजविलेल्या पिठात ते मिसळले की काही वेळातच गोळा फुगून दुप्पट होतो. गोव्यातील पोदेर पूर्वी बाजारात मिळणाऱ्या यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ आंबवीत असत; त्या सुरेतही हेच कार्य करणारे सूक्ष्म जीव असत. काजूच्या बोंडांचा रस आंबतो व त्यापासून पुढे फेणी तयार होते, तीही यीस्टच्याच करणीने. मनुष्याने हजारो वर्षे या जिवाकडून काम करून घेतले. परंतु आंबण्याची क्रिया एका सजीवामुळे घडते, हे मात्र एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांच्या संशोधनानंतरच सर्वमान्य झाले.

या सामान्य जिवाने विज्ञानाच्या इतिहासात एक मोठा मान मिळविला आहे. ज्या सजीवांच्या पेशीत केंद्रक असते, अशा सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर सर्वप्रथम वाचण्यात आला, तो जीव म्हणजे यीस्ट होय. एप्रिल १९९६ मध्ये हे वाचन पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. मात्र मजकूर वाचणे निराळे आणि त्याचा अर्थ कळणे निराळे. वाचनाचे काम सात वर्षांत झाले. अर्थ लावण्याचे काम तीन दशकांनंतरही चालू आहे. या दोन्ही कार्यांची, आणि त्यांचा मनुष्याच्या आरोग्याशी असलेल्या संबंधाची, माहिती या लेखात देण्यात येत आहे.

यीस्टचीच निवड का?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पावासाठी व मद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी असे आहे. तिची एक पेशी सामान्यतः मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. पेशीच्या अंगावर अंकुरासारखा फुगवटा येतो, तो वाढतो आणि वेगळा होऊन नवी पेशी बनते. भरपूर अन्न व योग्य ऊब मिळाल्यास सुमारे दीड तासात एका पेशीच्या दोन पेशी होतात. ही जात निरुपद्रवी आहे, स्वस्तात वाढते आणि तिच्यासाठी मोठ्या जागेची आवश्यकता नसते.

तथापि तिचे खरे महत्त्व याहून वेगळे आहे. जिवाणूंच्या पेशीत केंद्रक नसते. यीस्टच्या पेशीत मात्र मनुष्याच्या पेशीप्रमाणेच केंद्रक असते, गुणसूत्रे असतात, ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका असतात. यीस्ट आणि मनुष्य यांचा समान पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असे मानले जाते. एवढ्या दीर्घ काळात दोघांची रूपे पार बदलली. परंतु पेशीचे विभाजन, डीएनएची नक्कल, प्रथिनांची वाहतूक यांसारखी घरातली नित्याची कामे करणारी यंत्रणा बऱ्याच अंशी तशीच राहिली.

शिवाय यीस्ट हाताळण्यास सोयीचे आहे. यीस्टची पेशी गुणसूत्रांचा एक संच घेऊनही जगू शकते आणि दोन संच घेऊनही जगू शकते, हे डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ विंगे यांनी १९३५ साली दाखवून दिले. पुढे १९७८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात बाहेरचा डीएनए यीस्टच्या पेशीत घालून तो तिच्या गुणसूत्रात बसविण्यात यश आले. तेव्हापासून यीस्टमधील हव्या त्या जनुकात हवा तो बदल करणे शक्य झाले. ही सोय नसती, तर पुढील कार्याचा अर्धा भाग घडलाच नसता.

पस्तीस प्रयोगशाळांचा सहकार

डीएनए हा लांबलचक धाग्यासारखा रेणू आहे. त्यात चार प्रकारचे घटक एकापुढे एक ओवलेले असतात. ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनी ते दर्शविले जातात. या अक्षरांच्या क्रमात पेशीला लागणाऱ्या प्रथिनांची कृती नोंदलेली असते. ज्या भागात एका प्रथिनाची कृती असते, त्यास सामान्यतः एक जनुक असे म्हणता येईल. यीस्टच्या सोळा गुणसूत्रांत मिळून सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आहेत. मनुष्याच्या एका संचात ती सुमारे ३०० कोटी आहेत.

१९८० च्या दशकात एका प्रयोगात जेमतेम काही शे अक्षरे वाचता येत. त्या काळात सव्वा कोटीच्या घरातील अक्षरे वाचण्याची योजना अनेकांना अवास्तव वाटली, यात नवल नाही. बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठाचे प्राध्यापक आंद्रे गोफो यांनी यावर मार्ग सुचविला. एकाच मोठ्या संस्थेवर भार न टाकता अनेक देशांतील लहानमोठ्या प्रयोगशाळांमध्ये काम वाटून द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. युरोपीय आयोगाने तीस पाठबळ दिले आणि १९८९ साली कामास प्रारंभ झाला.

प्रथम तिसरे गुणसूत्र हाती घेण्यात आले. त्याचे तुकडे करून पस्तीस प्रयोगशाळांना वाटण्यात आले. प्रत्येकीने आपल्या तुकड्याचे वाचन करावे, ते मध्यवर्ती केंद्राकडे पाठवावे आणि तेथे तपासणी होऊन सर्व तुकडे सांधले जावेत, अशी व्यवस्था होती. हे केंद्र जर्मनीतील म्युनिक शहराजवळील मार्टिन्सरीड येथे होते. मे १९९२ मध्ये या गुणसूत्राचा ३ लाख १५ हजार अक्षरांचा क्रम प्रसिद्ध झाला. कोणत्याही सजीवाचे एक गुणसूत्र संपूर्ण वाचले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या शोधनिबंधावर १४७ शास्त्रज्ञांची नावे होती.

पुढे अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठ व स्टॅनफर्ड विद्यापीठ, इंग्लंडमधील सँगर केंद्र, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ आणि जपानमधील रिकेन संस्था यांनी उरलेल्या गुणसूत्रांचा वाटा उचलला. निम्म्याहून अधिक मजकूर युरोपातील प्रयोगशाळांनी वाचला. सुमारे सहाशे शास्त्रज्ञांच्या श्रमांतून हे कार्य सिद्धीस गेले. वाचलेला क्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला ठेवण्यात आला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. आज कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला तो पाहता येतो.

अक्षरांतून जनुक कसे ओळखावे?

सव्वा कोटीच्या घरातील अक्षरांची ही रांग समोर आली, तरी तीत शब्द कोठे सुरू होतो आणि वाक्य कोठे संपते, याची खूण दिसत नाही. त्यासाठी एक युक्ती योजतात. डीएनएमधील तीन अक्षरांचा एक शब्द होतो. चार अक्षरांपासून असे ६४ शब्द तयार होतात. त्यांपैकी ६१ शब्द प्रथिनाचा एकेक घटक दर्शवितात, तर तीन शब्द ‘येथे थांबा’ अशी सूचना देतात. अक्षरे कशीही विखुरलेली असती, तर सरासरी वीस-एकवीस शब्दांनंतर थांबण्याची सूचना आलीच असती. म्हणून प्रारंभाच्या सूचनेनंतर शंभर किंवा अधिक शब्द थांबण्याची सूचना न येता सलग मिळाले, तर तो भाग जनुक असण्याचा संभव फार मोठा असतो.

ऑक्टोबर १९९६ मध्ये संपूर्ण क्रमाचे विवेचन प्रसिद्ध झाले, तेव्हा या रीतीने प्रथिनांची ५,८८५ संभाव्य जनुके मोजण्यात आली होती. यीस्टचा मजकूर अतिशय आटोपशीर असल्याचेही दिसून आले. त्याचा सुमारे ७० टक्के भाग प्रथिनांच्या कृतींनी व्यापलेला आहे. मनुष्यात हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

ही मोजणी अंतिम नव्हती. २००३ साली यीस्टच्या तीन जवळच्या नातलग जातींचे क्रम वाचून त्यांची तुलना करण्यात आली. खरे जनुक असेल तर ते नातलगांतही जपलेले आढळावे, या तर्काने पाहता सुमारे ५०० संभाव्य जनुके जनुके नसावीत, असा निष्कर्ष निघाला. याउलट, शंभर शब्दांहून लहान असल्यामुळे पूर्वी नजरेतून सुटलेली काही जनुके मागाहून सापडली. सारांश, यीस्टची जनुके सुमारे सहा हजार, असे म्हणणे योग्य ठरेल.

एकेक जनुक काढून पाहणे

जनुकांची यादी हाती आल्यावर खरा प्रश्न पुढे आला. यांपैकी कोणते जनुक काय करते? तिसऱ्या गुणसूत्रावर १८२ संभाव्य जनुके आढळली होती. त्यांपैकी केवळ ३७ आधीपासून माहीत होती. आणखी २९ जनुकांचे इतर ज्ञात जनुकांशी काही साम्य दिसले. उरलेल्यांविषयी काहीच माहिती नव्हती. यीस्टचा अभ्यास अनेक दशके चालू असूनही त्यातील बहुतेक जनुके संशोधकांच्या दृष्टीआड राहिली होती, हे यावरून स्पष्ट झाले.

एखाद्या कार्यालयात कोणता कर्मचारी कोणते काम करतो हे ठाऊक नसेल, तर तो रजेवर गेल्यावर कोणते काम अडते, हे पाहावे. शास्त्रज्ञांनी हाच मार्ग स्वीकारला. अमेरिका, कॅनडा व युरोप येथील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन यीस्टचे प्रत्येक जनुक एकेक करून काढून टाकण्याचा संकल्प केला. यासाठी यीस्टच्या एका स्वाभाविक गुणाचा उपयोग झाला. पेशीत घातलेल्या डीएनएच्या तुकड्याची दोन्ही टोके गुणसूत्राच्या एखाद्या भागाशी जुळत असतील, तर यीस्ट त्या भागाच्या जागी नवा तुकडा बसविते. त्यामुळे मूळ जनुक निघून त्याच्या जागी एका औषधाला दाद न देण्याचा गुण देणारे दुसरे जनुक येते. मग ते औषध घातलेल्या अन्नावर फक्त बदल झालेल्या पेशीच तग धरतात व त्या सहज निवडता येतात.

हा बदल प्रथम दोन संच असलेल्या पेशीत करतात. एका संचातील जनुक गेले तरी दुसऱ्या संचातील जनुक काम चालविते. नंतर त्या पेशीपासून एकेक संच असलेल्या चार बीजाणूंची निर्मिती घडवून आणतात. चारांपैकी दोघांत ते जनुक असते आणि दोघांत नसते. चारही वाढले, तर ते जनुक जगण्यास अनिवार्य नाही. दोनच वाढले, तर त्यावाचून पेशीचे चालत नाही. इतक्या साध्या मोजणीतून निर्णय होतो.

आणखी एक योजना या कामात करण्यात आली. काढलेल्या प्रत्येक जनुकाच्या जागी वीस अक्षरांच्या ओळखखुणा घालण्यात आल्या. त्यामुळे हजारो प्रकारच्या पेशी एकाच भांड्यात एकत्र वाढवून, काही काळाने कोणती खूण कमी झाली व कोणती टिकून राहिली, हे एकाच वेळी पाहता येऊ लागले. २००२ साली या संग्रहाचा अहवाल प्रसिद्ध झाला. जवळजवळ ९६ टक्के जनुके काढून पाहण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे ११०० जनुके, म्हणजे शेकडा एकोणीसच्या आसपास, अनिवार्य ठरली.

उरलेल्या जनुकांचे कोडे

याचा अर्थ असा की, शंभरांतील ऐंशी जनुके काढून टाकली तरी यीस्ट जगते. मग ती जनुके निरुपयोगी आहेत काय? तसे नाही. या कोड्याची दोन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर परिस्थितीचे आहे. प्रयोगशाळेत यीस्टला भरपूर साखर व योग्य तापमान मिळते. निसर्गात मात्र त्यास उपासमार, थंडी, उष्णता व विषारी द्रव्ये यांना तोंड द्यावे लागते. सुकाळात ज्याचे काम दिसत नाही, त्याची किंमत दुष्काळात कळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुक काढलेल्या पेशींना एक हजाराहून अधिक निरनिराळ्या परीक्षांतून नेण्यात आले. तेव्हा ९७ टक्के जनुकांच्या अभावी कोणत्या ना कोणत्या परिस्थितीत पेशीची वाढ मंदावते किंवा अन्य परिणाम दिसतो, असे आढळले.

दुसरे उत्तर जोडीदाराचे आहे. फार प्राचीन काळी यीस्टच्या पूर्वजाचा संपूर्ण आनुवंशिक संच दुप्पट झाला होता, असे १९९७ साली आयर्लंडमधील संशोधकांनी क्रमाच्या अभ्यासावरून दाखविले. त्यातील बहुतेक जादा प्रती कालांतराने नाहीशा झाल्या, परंतु काही जनुके आजही जोडीने आढळतात. एक गेले तरी दुसरे काम सांभाळते. जोडीची नसलेली जनुकेही वेगळ्या मार्गाने तेच काम पार पाडू शकतात. म्हणून कॅनडातील टोरोंटो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एकाच वेळी दोन जनुके काढून पाहण्याचे प्रचंड कार्य अंगीकारले. २०१६ पर्यंत सुमारे २ कोटी ३० लाख जोड्या तपासण्यात आल्या. एकेकटी गेली तर चालते, पण दोन्ही मिळून गेली तर पेशी मरते, अशा जोड्यांवरून कोणती जनुके एकमेकांच्या कामाशी निगडित आहेत, याचा एक नकाशाच तयार झाला.

याशिवाय अन्य मार्गांनीही माहिती गोळा झाली. साखर संपत आली की यीस्ट आपल्या कामाची पद्धत बदलते. त्या वेळी कोणती जनुके जागी होतात व कोणती मंदावतात, हे १९९७ साली स्टॅनफर्ड येथे सर्व जनुकांच्या बाबतीत एकाच वेळी पाहण्यात आले. २००३ साली एका समुद्री जेलीफिशमधील चमकणारे प्रथिन यीस्टच्या प्रथिनांना जोडून चार हजारांहून अधिक प्रथिनांचे पेशीतील ठिकाण निश्चित करण्यात आले. कोण कोठे बसतो हे कळले की, तो काय करत असावा याचा अंदाज येतो.

रुग्णालयापर्यंत पोहोचलेले ज्ञान

यीस्टच्या जनुकांवर एवढा खर्च व श्रम कशासाठी, असा प्रश्न सर्वसामान्य वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दोन उदाहरणांवरून मिळेल.

काही कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पिढ्यानपिढ्या, तोही तुलनेने कमी वयात, होत असल्याचे दिसते. १९९३ साली अशा रुग्णांच्या गाठींतील डीएनएमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. त्यात त्याच त्या अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या भागांची लांबी बदलत होती. याच सुमारास अमेरिकेत टॉमस पीट्स व त्यांचे सहकारी यीस्टमध्ये याच प्रकारचा अभ्यास करीत होते. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी जनुके बिघडली की, यीस्टमधील असे भाग शंभर ते सातशे पटींनी अस्थिर होतात, असे त्यांस आढळले. मग या कर्करोगाच्या मुळाशीही दुरुस्ती करणाऱ्या जनुकांचाच बिघाड नसेल ना? या दिशेने शोध घेताच त्याच वर्षाच्या अखेरीस मनुष्यातील पहिले जनुक व पुढील वर्षी दुसरे जनुक सापडले. आज अशा कुटुंबातील व्यक्तीची तपासणी करून तिला हा दोष आहे किंवा नाही, हे सांगता येते. दोष असल्यास आतड्याची नियमित तपासणी करून कर्करोग वेळीच ओळखता येतो वा टाळता येतो. दोष नसल्यास त्या व्यक्तीच्या मनावरील भीतीचे ओझे उतरते.

दुसरे उदाहरण फ्रीडरीक अटॅक्सिया या आनुवंशिक आजाराचे आहे. यात लहान वयातच तोल जाऊ लागतो, चालणे कठीण होते व हृदयावरही परिणाम होतो. १९९६ साली या आजाराचे जनुक मनुष्यात सापडले, परंतु त्याचे कार्य कोणासच ठाऊक नव्हते. यीस्टच्या यादीत त्याचे जुळते जनुक होते. १९९७ साली ते काढून पाहिले असता यीस्टच्या तंतुकणिकांत लोहाचा साठा वाढत असल्याचे दिसले. अशा रीतीने या आजाराचा संबंध पेशीतील लोहाच्या व्यवस्थेशी असल्याचे समजले आणि पुढील संशोधनास निश्चित दिशा मिळाली.

ही उदाहरणे योगायोगाची नाहीत. २०१५ साली अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात यीस्टची ४१४ अनिवार्य जनुके एकेक करून बंद करण्यात आली व त्यांच्या जागी मनुष्याचे जुळते जनुक देण्यात आले. जवळजवळ निम्म्या वेळा मनुष्याच्या जनुकाने यीस्टला जिवंत ठेवले. यीस्टमध्ये मूलभूत शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक वारंवार मिळाले आहे. पेशीविभाजनाच्या शोधासाठी २००१ साली लेलँड हार्टवेल, प्रथिनांच्या वाहतुकीसाठी २०१३ साली रँडी शेकमन आणि पेशी आपल्याच जीर्ण भागांचा पुनर्वापर कसा करते या शोधासाठी २०१६ साली योशिनोरी ओसुमी हे त्यांपैकी काही होत.

जनुक घालण्याच्या तंत्राचा लाभ तर संपूर्ण क्रम वाचण्यापूर्वीच मिळू लागला होता. यीस्टमध्ये तयार केलेल्या ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या लसीस अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली. भारतात अशी लस हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ साली प्रथम तयार केली. तिच्यासाठी पिचिया या निराळ्या जातीच्या यीस्टचा उपयोग करण्यात आला.

अपुरे राहिलेले काम

सहा हजारांच्या या यादीतील शेकडो जनुकांचे नेमके कार्य अद्याप उलगडलेले नाही. सर्वांत अधिक अभ्यासलेल्या एकपेशीय जिवांपैकी एकाची ही स्थिती आहे, तर सुमारे वीस हजार प्रथिन-जनुके बाळगणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत किती काम उरले असेल, याची कल्पना करता येईल. वाचनाची यंत्रे आता अतिशय वेगवान झाली असून यीस्टएवढा मजकूर वाचण्यास वर्षे लागत नाहीत. अर्थ लावण्यास मात्र आजही एकेका जनुकापाशी थांबावे लागते, प्रयोग करावा लागतो व उत्तराची वाट पाहावी लागते.

हे काम केवळ मोठ्या संस्थांचेच आहे असेही नाही. पस्तीस प्रयोगशाळांनी वाटून घेतलेल्या पहिल्या गुणसूत्राने ते सिद्ध केले आहे. शाळांतील विज्ञान शिक्षकांनी कोमट पाणी, साखर व चिमूटभर यीस्ट एका बाटलीत घालून तिच्या तोंडास फुगा लावला, तर अर्ध्या-एक तासात फुगा उभा राहिलेला विद्यार्थ्यांस दिसेल. तो फुगविणाऱ्या प्रत्येक पेशीत सहा हजार जनुके आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचे काम अद्याप कोणासही ठाऊक नाही, हे त्याच वेळी सांगितले, तर त्या मुलांपैकी एखादे पुढे जाऊन त्या प्रश्नाचे उत्तर शोधील.